रेडिओवर लागलेलं लगीन

कडाव, ता. २१ जानेवारी १९४९

चि. वाल्मिक यास सुंदराताईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिवलेत. मनात काय हाय ते खाली वाच.

काल गुरुवार. दिवेलागणीला समदं गाव चावडीत, तुझ्या डब्यापुढं. मास्तरनं डबा लावला आणि तुझा आवाज आला का आत्या पदर सावरून बसते, जसा काय तू तिला आतून बघतोयस. मागं तू शेणखताच्या खड्ड्याचं बोललास, तवा गावानं माना डोलावल्या. ताडीचं बोललास, तवा बाप्ये उठून गेले आणि बाया हसल्या. तितपत चालतं. कुणी रागवायचं, कुणी हसायचं, आणि घरी जायाचं. पण काल तुझा इषय काय, तर लग्नातल्या जुन्या चाली. आणि तू म्हणालास, खेड्यात अजून कुणीतरी अडाणी म्हातारी मांडवात बसून नाकात रडगाणी गाते आणि लोक त्यालाच लगीन म्हणतात. वर हसलास. रेडिओत हसलेलं बी ऐकू येतं रं, ठावं हाय ना?

तुला का सांगायला पाहिजे, आपल्यात लगीन धवलारीण लावते. देवांना, पितरांना मांडवात बोलावते, नवरानवरीची नावं त्यांच्या कानावर घालते, धवळे गाऊन. कडावात ती धवलारीण कोण? आपली आत्या. माझी सासू हाय ती मागनं झाली, आधी आपली आत्या हाय. आई गेली तवा तुला मांडीवर घेऊन भात भरवणारी तीच अडाणी म्हातारी. काल ती चावडीतनं उठून घरी आली. आज दिसभर भात सडत बसलीय, सडलेलंच परत सडते.

तिकडं वाघ्या पाटील लागलाच उड्या मारायला. पोराच्या लग्नाला कर्जतचा भट आणनार, बेंडबाजा आणनार, धवलारीण नको म्हणतो. का, तर रेडिओ सांगतो. रेडिओ म्हंजे सरकार, सरकार म्हंजे तू. लई मोठा झालास.

बुधीचं जमलंय. खालापूरच्या बुधाजीचा नवशा. लगीन वैशाखात. माझ्या पोरीचं लगीन आत्याच लावनार, आणि ताठ मानेनं लावनार. येत्या गुरुवारी तुझे शब्द मागं घे.

बानं कर्जतच्या शाळेत शिपाईगिरी करता करता आपल्या दोघांना अक्षरं दिली. तू ती डब्यात बोलायला लावलीस. मला निदान तुला शिव्या घालायला कामी आली.

सुंदराताई

⁂

मुंबई, ता. २९ जानेवारी १९४९

ती. सौ. ताईस वाल्मिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात आलं आणि मी ते उभ्या उभ्याच वाचलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. ताई, विषय मी निवडत नाही, ते वरून ठरतात. हातात कागद येतो, लाल दिवा लागतो आणि बोलायचं. बोलताना माझ्यासमोर आत्या नव्हती, एक काचेची भिंत होती. आत्याचं नाव मी घेतलं का? कडावचं घेतलं का? मग तिनं अंगाला का लावून घ्यावं?

दुसरी बाजूही ऐक. त्या भाषणावर पुण्यापासून पत्रं आली आहेत. असं स्पष्ट बोलणारा माणूस हवा होता, असं लोक लिहितात. दर गुरुवारी एक पत्र मी वाचून दाखवतो, त्यामुळे पत्रांचा नुसता पाऊस पडतो. तुम्हाला चावडीत बसून वाटतं वाल्मिक गंमत करतो. ही नोकरी दिसते तशी सोपी नाही.

शब्द मागे घेणं रेडिओवर होत नाही. पण माझ्या डोक्यात एक कल्पना आली आहे, आणि ती ऐकून तुझा राग जाईल. धवळ्यांवरच एक कार्यक्रम करू. आत्या सांगेल, तू उतरवून पाठव. इथे एक गाणाऱ्या बाई आहेत, गळा फार गोड. त्या गातील आणि मी सांगेन की हे धवळे कडावच्या अंबूबाईंचे. म्हणजे तुझा वाघ्या पाटील काय तोंडानं भट आणतो ते बघू. सगळे पाठव, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वेळ थोडा आहे, लवकर पाठव.

बुधीचं कळंबच्या पोशाशी कुठवर आलं? मामाला विसरू नका म्हणजे झालं.

तुझा,
वाल्मिक

⁂

कडाव, ता. १२ फेब्रुवारी १९४९

चि. वाल्मिक यास अनेक आशीर्वाद.

तू माझं पत्र वाचतोस का नुसतं उघडतोस? कळंबचं दिवाळीतच मोडलं. तवाच लिवलं व्हतं. येसाजीच्या पोशानं जत्रेत बैलाला काठीनं मारून डोळा फोडला, ते बुधीनं आपल्या डोळ्यांनी बघितलं आणि घरी येऊन बापाला म्हणाली, मी त्या घरात जानार नाय. आमच्या ह्यांनी, नामानं, पोरीचं ऐकलं. येसाजी तवापासून डूख धरून हाय. आता परत लिवते, डोळे उघडून वाच. खालापूर. बुधाजीचा नवशा. पुण्याची पत्रं वाचतोस तशी बहिणीचं बी वाचत जा.

धवळ्यांचं आत्याला सांगितलं. आधी म्हणाली, अडाणी म्हातारीचं काय लिवून घेतेस? दोन दिस तोंड फिरवून बसली. तिसऱ्या दिशी आपणच अंगणात आंब्याच्या फांदीचा टाळा रोवला. मांडव नसला तर ती सांगत नाय, म्हणून तेवढा तरी टाळा. तो रोवून सांगायला बसली. मी लिवत गेले. मधीच म्हणायची, वाल्या ल्हान असताना हा धवळा ऐकून झोपायचा. तुझ्यावर राग धरता येत नाय तिला. मला येतो, माझं मी बघते.

आता नीट ऐक. हे आत्याचं सांगणं हाय, माझं नाय.

नवरानवरीच्या नावाच्या जागी मी रेघ मारलीय. ती रेघ रेघच ठेवायची. त्या बाईला गाऊ दे नुसतं नवरी, नुसता नवरा. खरं नाव घालायचं ते मांडवात, अंगाला हळद लागल्यावर.

आणि आवतणाचा धवळा शक्यतो गाऊच नका. तो देवांना आणि पितरांना बोलावणं करतो. गायलातच तर शेवटचा बोळवणीचा धवळा गायलाच पाहिजे. बोलावलेल्यांना परत पोचवायचं असतं. ज्यानं आवतण दिलं त्यानंच पोचवायचं, दुसऱ्याला ते जमत नाय.

एवढं पाळ. आत्या आता जेवते. चावडीत परत जायाचं म्हणते.

सुंदराताई

⁂

मुंबई, ता. ४ मार्च १९४९

ती. सौ. ताईस नमस्कार.

काल ऐकलंत ना? आत्या काय म्हणाली? गाव काय म्हणालं? मला राहवत नाही म्हणून आजच लिहितो. आमचे साहेब काचेपलीकडे उभे राहून ऐकत होते. असं अस्सल काही इथे आजवर झालं नव्हतं म्हणाले. माझी पाठ थोपटली.

रेघेचं मात्र जमेना. गाणाऱ्या बाई म्हणाल्या, नावाशिवाय ओळ पडते, गाणं लंगडं वाटतं. मग मला सुचलं, परकी नावं कशाला, आपलीच घालू. बुधी आणि पोशा. मामाचा पहिला आहेर समजा. सगळ्या मुलखानं बुधीच्या लग्नाचा धवळा ऐकला, असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं?

शेवटचा धवळा राहिला, त्याचं वाईट वाटतं. आमची वेळ संपली आणि बाजारभाव सुरू करावे लागले. त्यात माझा इलाज नव्हता. आवतणाचा मात्र सबंध झाला. त्या बाईंनी तो इतका सुंदर म्हटला की मलाही मांडवात बसल्यासारखं वाटलं.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.

वाल्मिक

⁂

कडाव, ता. ९ मार्च १९४९

वाल्मिक,

तुझं पत्र हातात धरून मी चुलीपुढं बसले व्हते. जाळायला हात गेला व्हता. पण जाळलं तर तू म्हणशील, मी असं लिवलंच नव्हतं. म्हणून ठेवलंय.

ऐक काय झालं ते.

गुरुवारी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तू म्हणालास, कडावच्या अंबूबाईंचे धवळे. आत्याच्या डोळ्यात पाणी आलं. वाघ्या पाटलानं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, माझा भाऊ सुधारला. मंग आवतण सुरू झालं आणि आत्यानं माझा हात धरला. म्हणाली, हे नको म्हटलं व्हतं ना गं? गणपती आला, गावदेवी आली, आपल्या घरातली गेलेली माणसं आली. आणि मंग त्या बाईनं गोड गळ्यानं नावं घेतली. बुधी. आणि पोशा.

बुधी दारात बायांत उभी व्हती. ती तिथंच खाली बसली. आत्या म्हणत राहिली, आता बोळवण म्हणेल, आता म्हणेल. आणि डब्यातनं आवाज आला तो भाताच्या भावाचा.

रविवारी येसाजी कळंबहून आला. पोशाला नवं धोतर नेसवून, सोबत भावकी, हातात नारळ आणि हिरवं लुगडं. आमच्या ओटीवर बसला आणि म्हणाला, लगीन लागलं, सून धाडा. मामाच्या तोंडून लागलं, समद्या मुलखानं ऐकलं. हसत व्हता मेला. आमच्या ह्यांनी कोयता उचलला व्हता, शेजाऱ्यांनी धरलं म्हणून बरं. दुसऱ्या दिशी खालापूरहून बुधाजीचा निरोप आला. त्यांच्या बी चावडीत डबा हाय. त्यांनी बी ऐकलं. म्हणतात, आमच्या पोराला दुसऱ्याच्या नावाची पोर नको.

गाव आत्याकडं आलं. तूच सांग, लगीन लागलं का नाय? नाय म्हणाली असती तर तिथंच मिटलं असतं. तसं म्हणाली नाय. ती खोटं बोलली नाय. म्हणाली, आवतण गेलंय, नावं गेलीत, परत पोचवलं नाय, तवर पोर त्या नावाला बांधलेली हाय, दुसऱ्या नावानं मी धवळा म्हणनार नाय. मला तिचा बी संताप आला. एक शब्द खोटा बोलली असती तर माझी पोर सुटली असती. पण तिनं जन्मात जे केलं नाय ते आता तुझ्यापायी करनार नाय. गावात बाया तिच्या तोंडावर म्हणतात, धवळे इकलेस ना बाई भाच्याला, भोग आता.

आता इलाज एकच. तू ये. गावदेवीपुढं उभा राहा, आपल्या तोंडानं सांग, का आवतण मी दिलं आणि खोटं दिलं. आत्या बोळवण म्हणेल, तू तिच्यासंगं शिवेपरयंत चालत जा, त्यांना पोचव. सकाळच्या गाडीनं येऊन सांजच्या गाडीनं परत जाशील. आणि रेडिओत सांग, का नाव चुकलं.

पाडव्याच्या आत ये. नायतर येसाजी पंच बसवनार हाय, आणि पंचांत वाघ्या पाटील हाय. पंच काय म्हणतील ते तुला ठावं हाय. पोर रातनं उठून बसते. पोशाचा हात तिनं बैलावर बघितलाय.

सुंदरा

⁂

मुंबई, ता. १५ मार्च १९४९

ती. सौ. ताईस नमस्कार.

पत्र वाचून मान खाली गेली. नावाची चूक माझी आहे, ती मी कबूल करतो. तुझं पत्र मी वाचलं होतं, पण डोक्यात कळंबच राहिलं. कामाच्या गर्दीत असं होतं. बुधाजींना मी आजच सविस्तर पत्र टाकलं आहे.

पण ताई, त्यापुढचं मला पटत नाही, आणि पटत नसताना हो म्हटलं तर तो ढोंगीपणा होईल. रेडिओ म्हणजे विजेच्या लहरी. त्यावरून देव येत नाहीत, पितर येत नाहीत आणि लग्न तर मुळीच लागत नाही. पगारी गाणाऱ्या बाईनं एक नाव घेतलं म्हणून एका मुलीचं आयुष्य बांधलं जातं, हे आज, देश स्वतंत्र झाल्यावर, आपण मानायचं? मीच गावदेवीपुढे उभं राहून ते मान्य करायचं? मग दर गुरुवारी मी कोणत्या तोंडानं बोलू? माझ्या शब्दावर आता हजारो माणसं विसंबून असतात. आणि घरातली चूक रेडिओवरून सांगायला केंद्र परवानगी देत नाही, मी विचारून पाहिलं.

रजाही या महिन्यात नाही.

तुला वाटेल हा हात झटकतो. तसं नाही. हा प्रश्न एकट्या बुधीचा नाही, गावोगावच्या मुलींचा आहे. तो मुळातूनच सोडवला पाहिजे, आणि ते मी माझ्या पद्धतीनं करणार आहे. ३१ तारखेला सगळ्यांनी चावडीत हजर राहा. आत्यालाही आण.

वाल्मिक

⁂

कडाव, ता. २१ मार्च १९४९

ती. मामांस बुधीचा नमस्कार.

आईला न सांगता लिवते. आईनंच अक्षरं शिकवली, चुकलं तर समजून घ्या.

मामा, तुमी एकदा या. आजीचा इस्वास हाय, गावाचा हाय, तुमचा नसला तरी चालेल. तुमी नुसते उभे राहिलात, शिवेपरयंत चाललात, तरी मी सुटते. तुमाला त्यात काय लागतं?

मला पोशाकडं धाडतील. मी जानार नाय. जायाची येळ आली तर मी काय करीन ते मला ठावं नाय. खालापूरचा नवशा मी जत्रेत बघितला व्हता. त्याच्या बापाच्या हाती खोडकर बैल व्हता, नवशानं तो काठी न उचलता हाताशी घेतला. तवाच मला वाटलं, ह्याच्या घरी जावं. हे मी आईला बी सांगितलेलं नाय, तुमाला सांगते.

आणि मामा, रेडिओत माझं काय सांगू नका. चावडीत समदी असतात. मला तोंड दाखवायला जागा ऱ्हानार नाय.

तुमची,
बुधी

⁂

मुंबई, ता. ९ एप्रिल १९४९

ती. सौ. ताईस नमस्कार.

तुझं उत्तर नाही. मागच्या आठवड्यातल्या पत्राचंही नाही. रागावली आहेस का? ३१ तारखेचं ऐकलंस ना?

रूढींवर मी आजवर खूप बोललो, पण त्या दिवसासारखं कधी बोललो नव्हतो. बुधीचं पत्र मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. तिनं नको म्हटलं होतं, ते मला आठवत होतं. पण इतकं खरं, इतकं साधं पत्र एका माणसानं वाचून खिशात ठेवायचं? नाव मी घेतलं नाही, गाव घेतलं नाही, एक श्रोता भगिनी एवढंच म्हटलं. तरी शंभर ठिकाणांहून पत्रं येत आहेत. बायका लिहितात की आम्ही रडलो. एका सभेत तर त्यावर ठराव झाला. म्हणजे बघ, आपल्या बुधीनं केवढं काम केलं.

पंचांनीही ते ऐकलं असेलच. आता येसाजीची काय बिशाद आहे?

मी वैशाखासाठी रजा मागितली आहे आणि ती मिळेल. बुधीला साडी घेतली, मामाची म्हणून, पार्सलनं पुढे पाठवतो आहे. मांडवात नवरीला उचलून न्यायचा मान माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही. तारीख कळव.

वाल्मिक

⁂

कडाव, ता. १४ मे १९४९

वाल्मिक,

वर चि. लिवलं नाय. इसरले म्हणून नव्हं.

तुझी पत्रं मिळाली, साडी बी मिळाली. साडी ह्याच टपालानं परत येईल. कुणी ती उघडली नाय.

बुधीचं लगीन झालं. खालापूरच्या नवशाशी, मागल्या आठवड्यात, आमच्याच अंगणात. धवळे आत्यानं म्हटले. तुला तारीख कळवली नाय, कारण तुला बोलवायचं नव्हतं. मामाच्या जागी आपल्या चुलत्याचा गोमा उभा राहिला. बुधीला त्यानंच उचलून मांडवात आणलं.

हे कसं जमलं ते तू इचारशील, आणि मंग म्हणशील का माझ्या बोलण्यानं जमलं. म्हणून जे झालं तेच लिवते, खोटं नाय. बुधीचं पत्र खालापूरच्या चावडीत नवशानं ऐकलं. जत्रेतला बैल ऐकून त्याला कळलं, का हे पत्र कुणाचं आणि कुणासाठी. दुसऱ्या दिशी बापाला घेऊन तो चालत कडावला आला. पण नुसत्या त्यानं काय झालं नसतं. बुधाजी आत्यापुढं बसला आणि म्हणाला, माझा पोर ऐकत नाय, आता तू सांग अंबूबाय, पोर मोकळी हाय का? आत्या म्हणाली, काल मोकळी केली. बुधाजीनं लगेच नारळ फोडला. येसाजी आरडाओरडा करत आला तवा पाटलानंच त्याला परत धाडलं. कारण काल काय झालं ते पाटलानं डोळ्यांनी बघितलं व्हतं.

काल म्हंजे तुझा गुरुवार, ३१ तारीख.

तू माझ्या पोरीचं पत्र वाचायला लागलास. पहिल्या ओळीलाच मला कळलं. तू तिच्यासारखं अडखळत वाचत व्हतास, आवाज पातळ करून. मी आत्याच्या मागं बसले व्हते. बुधी माझ्या बाजूला व्हती. काठी न उचलता बैल हाताशी घेतला, हे तू वाचलंस तवा समद्या चावडीनं माना वळवून तिच्याकडं बघितलं. मंग तू वाचलंस, रेडिओत माझं काय सांगू नका. ते बी वाचलंस रं तू. पोरीनं पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी माझ्या भावाचा एवढा राग कंदी केला नव्हता. डबा उचलून दगडावर आपटावा असं वाटलं.

मास्तर बंद करायला उठला. आत्यानं त्याला हात केला. म्हणाली, ऱ्हाऊ दे, तो बोलतोय तवरच करायला पाहिजे. ती डब्यापुढं जाऊन उभी राहिली. तू आत बोलत व्हतास, रूढी आणि लहरी आणि काय काय, आणि तिनं बाहेर बोळवण सुरू केली. ह्या वयात तिचा गळा एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. तू जिथनं बोलावलंस तिथनंच ती परत धाडत व्हती. गणपतीला धाडलं, गावदेवीला धाडलं. मंग पितर. आपला आजा, आपला बा, आपली आई, एकेकाचं नाव घेऊन. आईचं नाव झालं का संपायला पाहिजे व्हतं. संपलं नाय. आईच्या मागं तिनं तुझं नाव घेतलं.

आमचे हे पुढं धावले. म्हणाले, आये, तो जिता हाय.

आत्या वळली. तिचा आवाज नेहमीसारखा व्हता. म्हणाली, "आवतण त्यानं दिलं. पोचवायला त्यानंच जायाचं. आला नाय, म्हणून हितनंच त्यांच्यासंगं धाडला."

डब्यात तू अजून बोलतच व्हतास. कुणी ऐकत नव्हतं.

आत्या घरी आली, इहिरीवर गेली आणि डोक्यावरनं पाणी घेतलं, माणूस गेल्यावर घेतात तसं. रडली नाय. मला म्हणाली, तुझ्या पोरीसाठी केलं, तू पाणी घेतलं नाय तरी चालेल. मी उभी राहिले थोडा वेळ. मंग मी बी घागर ओतून घेतली.

डबा चावडीत हाय तसाच हाय. गुरुवारी तुझा आवाज येतो, लोक ऐकतात आणि घरी जातात. आत्या जात नाय. मी जाते, मागं बसते आणि संपेपरयंत ऐकते. पत्र मातुर आता लिवू नको. ह्या घरात ते घेनारं कुणी नाय.

सुंदरा